गल्ल्यापाशी उभा असलेला टकला

दुकानात कॅमेरा बसवायचं ठरवलं तेव्हा कधी चोर आलाच तर तो सापडावा एवढीच माझी माफक इच्छा होती. आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत गल्ला, मधल्या खोलीत पडदा, स्टूल आणि दिवे, आणि मागे संगणकापाशी आमची ही. फोटो मी काढतो आणि तो बघण्यासारखा ही करते. (ही वाटणी गिऱ्हाइकांनी केलेली आहे, मी नाही.)

कॅमेरा गल्ल्याच्या बरोबर वर, छताला लागला. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या हौसेने रेकॉर्डिंग बघायला बसलो आणि चोर सापडलाच. एक टकला माणूस, घरचाच असल्यासारखा, आमचा गल्ला उघडून आत हात घालत होता. मी हिला हाक मारली. हिने चष्मा नीट केला, थोडा वेळ बघितलं आणि शांतपणे विचारलं, "शर्ट ओळखीचा वाटत नाही का तुम्हाला?"

शर्ट माझा होता. हातही माझाच होता. राहता राहिलं टक्कल, तेही माझ्याच नावावर निघालं.

जन्मभर मी लोकांना समोरून बघत आलो, आणि स्वतःलाही. समोरून माझे केस बरे आहेत. वरून मी कसा दिसतो हे माझ्याखेरीज सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. समोरच्या औषधवाल्याकडे जाऊन मी हळू आवाजात केसांचं तेल मागितलं, तर त्याने तेल काढून ठेवता ठेवता "आलात एकदाचे" असं म्हटलं. तेलाने उशीचा अभ्रा तेवढा तुकतुकीत झाला. मी टोपी घालायला लागलो आणि एके दिवशी, औषधवाल्याला पत्ता लागू न देता, केसांच्या दवाखान्यात जाऊन पोचलो. ही बरोबर आली होती. मला एकट्याला कुठे सोडायचं नाही, हा तिचा लग्नापासूनचा नियम आहे.

डॉक्टरांचा आवाज लोण्यासारखा होता. तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं, त्यातले ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीला जोर देणारे घटक, वेगळे करायचे आणि सुईने डोक्यात टोचायचे, असा बेत त्यांनी सांगितला. तेवढ्याने भागलं नाही तर पुढची पायरी स्टेम सेलची. त्या पेशी म्हणजे जादूच, शरीरात काहीही बनू शकतात.

"मग केसच बनायचं, हे त्यांना कोण सांगणार?" हिने विचारलं.

डॉक्टर हसले. मीही हसलो, कारण ते हसले होते. भिंतीवर आधीच्या आणि नंतरच्या डोक्यांच्या जोड्या लावल्या होत्या. एकेक डोकं असं काही बहरलेलं की मी मनातल्या मनात भांगसुद्धा पाडून घेतला. ही त्या भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "ज्यांना गुण आला नाही, त्यांचे फोटो कुठे लावता?"

प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, असं काहीसं डॉक्टर बोलले. फोटो कुठे आहेत ते शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी आल्यावर हिने एकच अट घातली. टोचून घ्या हवं तर, पण गुण येतो की नाही ते आपण आपलं बघायचं. दर महिन्याला त्याच स्टुलावर, त्याच दिव्याखाली, वरून डोक्याचा फोटो काढायचा. दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर विश्वास ठेवायचा नाही. मला हे एकदम मान्य झालं. फोटोत आपण कुणाला हार जाणार नव्हतो.

टोचून घेण्याबद्दल फार सांगत नाही. डोक्यावर एवढी जागा रिकामी आहे याचा मला त्या सुयांच्या वेळीच खरा अंदाज आला. पण फोटो... फोटो बघून मी हरखून गेलो. पहिल्या महिन्यात कडेने लव दिसली. दुसऱ्यात मधलं बेट आक्रसलं. पुढे पुढे तर तिथे चक्क सावली पडायला लागली. ही चष्मा काढून पुसायची, पुन्हा लावायची आणि "कमाल आहे" म्हणायची. मी टोपी खुंटीला टांगली आणि दाढी करताना शीळ घालू लागलो. डॉक्टरांना फोटो दाखवले तर ते म्हणाले, इतका छान प्रतिसाद आहे, म्हणूनच आता स्टेम सेल करून टाकू.

इथे खरी अडचण होती. हिची थोरली बहीण समुद्रकाठी राहते. ताई ते घर सोडून मुलाकडे जायची होती, आणि त्याआधी एकदा तिथे राहून यायचं, हे हिच्या मनात कित्येक वर्षं होतं. आम्ही त्यासाठी पैसे बाजूला टाकत आलो होतो. समुद्र आणि स्टेम सेल, दोन्ही जमणार नव्हतं. मी काही बोललो नाही. (न बोलता तोंड पाडून बसणं मला चांगलं जमतं.) दोन दिवसांनी हीच म्हणाली, "ताईला कळवलंय मी, येत नाही म्हणून. तुम्ही घ्या करून."

मी खूश झालो. आता लिहिताना लाज वाटते, पण झालो.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी एक गिऱ्हाईक छत्री विसरलं. ती कुणी उचलली ते बघायला मी रेकॉर्डिंग लावलं. छत्री राहिली बाजूला. गल्ल्यापाशी पुन्हा तोच टकला माणूस उभा होता, तसाच्या तसा, आणि शीळ घालत असावा असं त्याच्या मानेवरून वाटत होतं.

मी कपाळाला हात लावला. (तो वर घसरत गेला तरी कपाळ संपेना.) एकाच घरातले दोन कॅमेरे एकाच डोक्याबद्दल वेगवेगळं सांगत होते. हिला बोलावलं. दोघांनी दर महिन्याचे फोटो उघडून पुन्हा नीट पाहिले आणि दोघांनाही एकदमच उमगलं. दिवा तोच होता, पण मी स्टुलावर बसायच्या आधी दर वेळी तो थोडा थोडा खाली आणि बाजूला सरकवत आलो होतो. गिऱ्हाइकाचं टक्कल चमकू नये म्हणून मी तेच करतो. हाताला सवय आहे. आणि तो फोटो बाकीच्या फोटोंबरोबर हिच्याकडे गेला की ही फोनवर ताईशी बोलता बोलता डाग काढायची, विरळ जागा भरायची, पुढचा घ्यायची. तिच्याही हाताला सवय आहे. माझ्या डोक्यावर उगवलेला एकूण एक केस हिने लावलेला होता.

ही खुर्चीत बसून हसत सुटली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मी विचारलं, "तुझा तर या सगळ्यावर विश्वास नव्हता. मग समुद्र का सोडलास?"

"केसांवर नव्हताच," ती म्हणाली. "पण तुम्ही शीळ घालत होतात. ती मी फार दिवसांनी ऐकली."

अशी बायको मिळायला मी काय केलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी उठलो आणि आधी ताईला फोन लावला.

डॉक्टरांचा निरोप मात्र समक्ष जाऊन घेतला. पुन्हा डोक्यावर आलेली टोपी काढली, खरं काय ते सांगितलं. ते जराही डगमगले नाहीत. गुण आला नाही ना, म्हणूनच तर स्टेम सेल, असं म्हणाले. आम्ही नमस्कार करून उठलो. निघताना तिथल्या बाईंनी आठवण म्हणून माझ्या डोक्याचा एक फोटो घ्यायची परवानगी मागितली. त्या फोन कसाही धरून उभ्या होत्या. मला राहवेना. मान खाली घालून मीच म्हटलं, वरचा दिवा लावा, म्हणजे नीट येईल.

समुद्र फार छान होता. ताईच्या ओसरीवर ही पाय पसरून बसायची आणि मी शेजारी. ऊन लागायला लागलं की ही आपली ओढणी माझ्या डोक्यावर टाकायची. मी तिथेही शीळ घातली, बिनकेसांची. इतक्या सुखात मी कधी नव्हतो.

परत आलो तर दवाखान्याच्या दारावर नवा भलामोठा बोर्ड. दोन डोकी. उजवीकडचं घनदाट डोकं कुणाचं ते माहीत नाही. डावीकडच्यावर, कानामागे, माझा तीळ होता. सगळ्या सुया सोसून झाल्यावर काढलेला माझा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'उपचारापूर्वी'. हिने तो बारकाईने पाहिला आणि दिवा छान पडलाय असं म्हणाली. चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे कुणी ओळखणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडत होतो. समोरून औषधवाला दोन्ही हात हलवत आला.

"बोर्डावर बघितलं तुम्हाला, लांबूनच ओळखलं," तो म्हणाला. "मग, उपचार कधी सुरू करताय?"