कुमुदताईंची मुदत उलटते

"काकू, तुम्हाला पुस्तक देता येणार नाही," ग्रंथपाल सुचिता संगणकावरून नजर न उचलता म्हणाली. "तुम्ही बाहेर गेलेल्या आहात."

"बाहेर? अगं, तुझ्या नाकासमोर उभी आहे मी!"

कुमुदताईंनी रेवदंड्याच्या शाळेत जन्मभर व्याकरण शिकवलं होतं. वाचनालयात त्यांना 'नाही' ऐकायची सवय नव्हती. त्यातून कादंबरीचा पहिला भाग नुकताच वाचून झाला होता. शेवटच्या पानावर खून पडला होता आणि खुनी दुसऱ्या भागात दडून बसला होता. तो दुसरा भाग टेबलावर होता, आणि त्यावर सुचिताचा हात होता.

"कुणाच्या नावावर गेलेय मी बाहेर?"

सुचिता चाचरली. "अंबाजीकाकांच्या."

चौलच्या वाटेवर नारळाची वाडी असलेल्या अंबाजीशी कुमुदताई आयुष्यात शहाळ्यापलीकडे काही बोलल्या नव्हत्या. त्यांची कानशिलं तापली.

दोष बारकोडचा होता. पुस्तकांना आणि सभासदांच्या कार्डांना नुसत्या आकड्यांच्या पट्ट्या डकवल्या होत्या. पुस्तकांची सुरुवात एकपासून, सभासदांचीही एकपासूनच. कुमुदताई आणि 'नारळावरचा भुंगा' हे पुस्तक यांच्या वाट्याला एकच आकडा आला. अंबाजीने भुंगा नेला आणि संगणकाने कुमुदताई गेल्याची नोंद केली.

"मग दुसरा आकडा दे मला."

"बाहेर गेलेल्या वस्तूचा आकडा बदलता येत नाही, काकू."

"वस्तू!" कुमुदताई कडाडल्या. "बोलाव त्यांना!"

'त्यांना' म्हणजे वाचनालयाचे कार्यवाह यज्ञेश्वर. हे बारकोड त्यांनीच आणले होते. "आता चुकीला जागाच नाही," असं त्यांनी सभेत ठणकावलं तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या कुमुदताईंनी वाजवल्या होत्या, कारण यज्ञेश्वर त्यांचे यजमान होते. त्या टाळ्या आता त्यांच्या तळहाताला झोंबू लागल्या.

"तांत्रिक बाब आहे गं," आतल्या खोलीतून येत यज्ञेश्वर म्हणाले. "मुदत उलटली की फोनवर आपोआप तगादा जातो. अंबाजीला गेला असेल. आणून देईल तो."

"काय आणून देईल?"

"तुला. म्हणजे... पुस्तक."

एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. तगादा पोचला होता, पण अंबाजीच्या आधी तो त्याच्या बायकोने, वेणूबाईने वाचला होता. ती फोन पुढे धरून आत शिरली. मागून अंबाजी मान खाली घालून आला.

"वाचा ह्ये, सायेब! 'आपण नेलेली कुमुद यज्ञेश्वर मुदत उलटूनही परत केलेली न्हाय. सुस्थितीत आणून द्यावी.' माझ्या घरात न्हाय ही बाई! माळ्यावर बघितली, वाडीत बघितली!"

"वेणूबाई, मी इथं आहे," कुमुदताई दातओठ खात म्हणाल्या.

"मंग मागता कशाला आमच्याकडं?"

"पुस्तक हाय गो ते," अंबाजी पुटपुटला. "पन आता माझ्याकडं न्हाय. उरणला मेव्हन्याला दिलं वाचायला."

"परस्पर मेव्हण्याला दिलंत मला?" रागाच्या भरात कुमुदताईंच्याही तोंडून निघून गेलं.

तोड सुचिताने काढली. आकडा एकच, तेव्हा पुस्तकाऐवजी काकूंचं कार्ड परत घेतलं तरी संगणकाला फरक पडणार नव्हता. फक्त नेणाऱ्याने ते स्वतः द्यायला हवं, असा कार्यवाहांचा नियम होता. अंबाजीने कुमुदताईंचं कार्ड दोन्ही हातांनी, देवाला नारळ वाहावा तसं टेबलावर ठेवलं. वेणूबाई डोळ्यांत तेल घालून बघत होती. यंत्र 'टीं' वाजलं.

"परत आलात, काकू! आता फक्त स्थिती विचारतोय. उत्तम की जीर्ण?"

सगळ्यांनी यज्ञेश्वरांकडे पाहिलं. ते अचूकतेचे भोक्ते होते. चष्मा पुसत म्हणाले, "मधलं काही नाही का त्यात?"

वाचनालयात शांतता पाळावी ही पाटी त्या क्षणी प्रथमच पाळली गेली.

"उत्तम लिव गो पोरी," वेणूबाई गुरगुरली. आत शिरल्यापासून पहिल्यांदाच ती कुमुदताईंच्या बाजूने बोलली होती.

सुचिताने कळ दाबली आणि तिचा चेहरा पडला. "काकू, अजून एक अडचण आहे. तुम्ही राखीव आहात. कुणीतरी आधीच मागणी नोंदवलीय."

"आता आणखी कोण?"

सुचिताने पडदा वळवला. भुंग्यासाठी रांगेत पुढचं नाव यज्ञेश्वरांचं होतं. ते एकदम खुलले. "बघ! शेवटी माझ्याच नावावर आलीस की नाही? चुकीला जागाच नाही!"

"रद्द कर," कुमुदताई म्हणाल्या.

"पण काकांना विचारायला..."

"मला विचारलं होतं का त्यांनी?"

सुचिताने मागणी रद्द केली, नवा आकडा दिला आणि दुसरा भाग कुमुदताईंच्या हातात ठेवला. तो छातीशी धरून त्या दाराकडे निघाल्या. वेणूबाईने रिक्षात सरकून जागा केली आणि अंबाजीला खालीच ठेवून रिक्षा सुटली.

पायरीवर दोघे पुरुष उरले. रस्त्याकडे बघत अंबाजीने विचारलं, "सायेब, ह्या दोघी कवा परत येतील, ह्ये सांगतंय का तुमचं मशीन?"