विषाला एक पुरे

माझा एकच प्राण उरला होता आणि समोरून सात ताकदीचा गेंडा येत होता. मी कासव आडवं घातलं. माझ्या कासवाला मारता काही येत नाही, पण सोसतं आठ. गेंडा सात मारणार, कासव आठ सोसणार, म्हणजे मी वाचले, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात मोघ्यांनी हातातलं एक पान गेंड्यावर ठेवलं. विषाचं पान.

"संपलं?" दारातून अनघानं विचारलं.

अनघा म्हणजे मोघ्यांची मुलगी. बंगळूरला असते. तिच्या एका बाजूला निळी बॅग, दुसऱ्या बाजूला काळी. खाली विमानतळावर न्यायला गाडी येऊन थांबलेली. बापलेकीचं ठरलं होतं, की एवढा डाव संपला की मोघ्यांनी नारायण पेठेतलं घर बंद करायचं आणि कायमचं बंगळूरला जायचं.

"काटा थांबू दे," मोघे म्हणाले.

मोघे हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणतात. नोकरीभर ते वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशात पन्नास ग्रॅमचं पितळी वजन अजून असतं. लोक खिशात देवाचा फोटो ठेवतात, तसं. आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली त्यांना लांबून पाहिलं की काटा पुसायला घेते. एकदा तिनं आपणहून एक वांगं जास्त टाकलं. मोघ्यांनी ते काढून परत टोपलीत ठेवलं. म्हणाले, "बाई, जास्त दिलेलंही चूकच." ती मला म्हणाली, "आज्जी, ह्यांच्याशी चांगलं वागायचं तरी कसं?" मी म्हटलं, मला विचारू नकोस, मीही शोधतेच आहे.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहते. आमची जुनी इमारत पाडली तेव्हा आम्हा भाडेकरूंना नवीत दोन-दोन खोल्या मिळाल्या. जुनीसाठी रडणारे रडले. मी नाही रडले. संडास घरात आला.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नंतर चाळीसेक वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात कागदांना घड्या घातल्या आणि पुस्तकं शिवली. घडी घालताना जेवढं वाचून झालं तेवढं माझं वाचन. त्यामुळे बऱ्याच गोष्टींचं मला मधलंच माहीत आहे.

मोघ्यांना पत्त्यांचा नाद लागला तो एका चहाच्या दुकानात. हे पत्ते म्हणजे आपले बदाम-इस्पिक नव्हेत. प्रत्येक पानावर एक जनावर किंवा राक्षस किंवा शिपाई असतो, त्याची ताकद किती आणि तो सोसतो किती हे आकड्यात लिहिलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरात त्याचा काहीतरी गुण. खेळणाऱ्याला सुरुवातीला वीस प्राण मिळतात. आपली जनावरं समोरच्यावर सोडायची, त्यानं आपली आडवी घालायची. ज्याचे प्राण आधी संपतील तो हरला. तिथं जवळच्या कुठल्याशा कंपनीतली दोन माणसं चहा पिता पिता हे खेळत होती आणि एका वारावरून भांडत होती. मोघे मागे उभे राहून म्हणाले, "तुमची बेरीज चुकतेय." त्यातला एक म्हणाला, "काका, ते नाही कळणार तुम्हाला. इट्स कॉम्प्लिकेटेड."

झालं. मोघ्यांना 'कळणार नाही' म्हणणं म्हणजे बैलाला लाल फडकं.

चौथ्या दिवशी ते आमच्या कारखान्यात आले, हातात वीतभर उंच कागदांचा गठ्ठा. त्या खेळाचे सगळे नियम छापून आणले होते. "पक्कं शिवा. रोज उघडायचंय," म्हणाले. मी शिवलं. कापडी कणा लावला, पुठ्ठा चढवला. फक्त मधल्या पानांचा एक जुडगा उलटा शिवला गेला. नियम इंग्रजीत होते आणि इंग्रजी मला उलटं-सुलटं सारखंच.

नेमका तो लढाईतल्या वारांचा भाग निघाला. मी म्हटलं, "उसवून देते." मोघे म्हणाले, "नको. शिवलं ते शिवलं." खेळातही त्यांचं हेच. "ठेवलं ते ठेवलं." टेबलावर टेकलेलं पान परत उचलायचं नाही, मग तोंडातून हाय निघो नाहीतर शिवी. तेव्हापासून वारांवरून वाद झाला की मोघे उठतात, ते जाडजूड पुस्तक उलटं धरतात आणि गंभीरपणे वाचतात. पाहुण्यांना वाटतं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिघडलंय.

मला खेळायला बसवलं ते त्यांची बायको गेल्यानंतरच्या वर्षी. बोलावणं वगैरे काही नाही. चार वाजता दार वाजलं, दारात मोघे, हातात पत्त्यांचे दोन गठ्ठे. "लीलाबाई, वेळ आहे?" मी म्हटलं, "वेळच आहे. बाकी काही नाही." माझ्या गठ्ठ्यातल्या साठही पानांना त्यांनी प्लॅस्टिकची पिशवी घातली होती आणि प्रत्येक पिशवीत, पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर, मराठीत लिहिलेली चिठ्ठी सरकवली होती. दुकानदाराच्या दाखल्यावर लिहावं तसं टोकदार अक्षर. 'आधीवार: हा समोरच्याच्या आधी मारतो.' 'तुडवण: अडवणाऱ्याला मारून उरलेला मार मालकावर.' 'विष: याचा एक वारही कुणालाही मारतो.' मी विचारलं, "एवढं कधी लिहिलंत?" म्हणाले, "नियम न वाचता खेळणं म्हणजे शिक्का नसलेल्या तराजूवर सोनं मोजणं." विचारलं काय, सांगितलं काय.

एकेक गुण सोपा आहे. दोन गुण एकत्र आले की घोटाळा. त्यांच्याकडे एक चिलट होतं, ताकद एक. मी हत्ती सोडला, तर त्यांनी तेच आडवं घातलं. चिलटाकडे आधीवारही आणि विषही. चिलट आधी चावलं, हत्ती मेला, आणि मेलेला हत्ती पाय आपटत नाही. "हा कुठला न्याय?" मी म्हटलं. "क्रमाचा," मोघे म्हणाले. मी दोन दिवस खेळायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, कारण डेंग्यूची बातमी वाचली आणि चिलटाचं पटलं.

दुसरी भानगड माझ्या गाईची. ती जितका मार देईल तितके प्राण मला मिळतात. एकदा माझे तीनच प्राण उरलेले, त्यांच्या वाघानं मला तीन मारले, आणि त्याच वेळी माझ्या गाईनं त्यांच्या कुत्र्याला तीन मारले. मी पानं गोळा करायला लागले.

"काय करताय?"

"मेले ना मी."

"कोण म्हणतं?"

"अहो, तीनातून तीन गेले. आता मेल्यावर दूध पाजून काय उपयोग?"

"काटा थांबू द्या, लीलाबाई. दोन्ही वार एकाच वेळचे. पारडी खालीवर होत असताना वजन वाचायचं नसतं. तीन गेले, तीन आले, काटा तीनवर थांबला. आता वाचा. जिवंत आहात." पुस्तक उलटं धरून त्यांनी ते दाखवलंही. मला काय दिसणार? पण मी पानं परत मांडली.

हे सगळं ते घराबाहेरही वापरतात, हा त्रास. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून दुसरा मजला आणि तिसरा मजला एकदम ओरडायला लागले. मोघे उभे राहिले आणि म्हणाले, "आधीवार कुणाकडे आहे?" कुणाला काही कळलं नाही, पण सगळे गप्प बसले. सेक्रेटरीनं तेवढ्यात ठराव उरकला.

गेल्या श्रावणात चार वाजून गेले तरी माझं दार वाजलं नाही. मोघ्यांना कधी उशीर होत नाही. सव्वाचारला मी वॉचमनकडून किल्ली आणली. मोघे न्हाणीघरात पडले होते, कमरेत मार लागलेला, सकाळपासून तसेच. मला बघून म्हणाले, "आडवं घालायला आज काही नव्हतं." मी म्हटलं, "बोलू नका, टॉवेल घ्या."

अनघा दुसऱ्या दिवशी आली. चांगली पोर आहे. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकटा माणूस, पडला, सात-आठ तास फरशीवर. हाड मोडलं नव्हतं हे नशीब. महिनाभर ती येऊनजाऊन राहिली आणि मग तिकिटंच काढली. मोघे नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. तिनं कपाटं आवरली, पत्ते बॅगेत टाकायला निघाली, तेव्हा फक्त एवढं म्हणाले, "ते राहू दे. लीलाबाईंशी एक डाव व्हायचाय. तो संपला की निघू."

तोच हा डाव.

विषाचं पान त्यांनी सवयीनं ठेवलं. संधी दिसली, हात गेला. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे मला दिसलं, कारण त्यांनी आधी गेंड्याकडे पाहिलं, मग दाराकडे, बॅगांकडे. पान परत उचलतील, असं मला वाटलं. हात पानाच्या कडेपर्यंत गेलाही. पण मोघे ते मोघे. ठेवलं ते ठेवलं.

आणि मी मूर्ख. मला शिकवलेलं मी बोलून दाखवलं. "गेंड्याची तुडवण आणि वर विष," मी म्हटलं. "कासव आठ सोसेना का, विषाला एक पुरे. एक कासवाला, उरलेले सहा माझ्यावर. मेले मी."

"मग संपलं ना, बाबा?" अनघानं काळ्या बॅगेची मूठ वर ओढली.

मोघे उठले. पुस्तक काढलं, उलटं धरलं, बोट लावून ओळ शोधली. बराच वेळ शोधली. ती ओळ त्यांना पाठ आहे. ती मलाही पाठ आहे.

"मार कसा वाटायचा," ते म्हणाले, "हे ज्याचा वार त्यानं ठरवायचं. अडवणाऱ्याला मरण्यापुरता आधी द्यायचा. त्याहून जास्त द्यायला बंदी नाही." मग पुस्तक मिटलं आणि सात बोटं कासवावर ठेवली, एका हाताची पाच, दुसऱ्याची दोन. "सात कासवाला. पलीकडे काही नाही."

ज्या माणसानं जास्तीचं वांगं परत केलं, त्यानं एका कासवाला सहा वार जास्त दिले.

मी कासव उचलून बाजूला ठेवलं. आता पाळी माझी. मोघ्यांचे चार प्राण उरलेले. माझ्याकडे चार ताकदीचं उडणारं पाखरू, आणि उडणाऱ्याला अडवायला त्यांच्याकडे काही नाही. मी पाखराकडे पाहिलं. मोघ्यांनी पाहिलं. अनघानंही पाहिलं, पण तिला चिठ्ठी वाचता येत होती एवढंच, डाव कळत नव्हता.

"पाखरू?" मोघ्यांनी विचारलं.

"दमलंय," मी म्हटलं. "झाली माझी पाळी."

मग त्यांचीही पाळी तशीच झाली. गेंडाही दमला होता. ड्रायव्हरचा फोन आला. मग पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा अनघा गॅलरीत जाऊन बोलली, खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती आत येऊन निळ्या बॅगेवर बसली.

"तुम्ही दोघं मारत का नाही एकमेकांना?" तिनं विचारलं. तिनं टेबलावरचं पुस्तक ओढलं, उघडलं, कपाळाला आठी घातली.

"उलटं धर," मोघे म्हणाले.

आठवडाभरानं ती एकटीच गेली. जाण्याआधी न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला, आणि मोघ्यांच्या घराची एक किल्ली माझ्या खिळ्याला अडकवली. डाव अजून त्यांच्या टेबलावर मांडलेला आहे. त्यावर पंचा पांघरलाय. रोज चारला आम्ही त्याच्या शेजारी नवा डाव मांडतो. त्यात मोघे मला रोज हरवतात, एका वाराचीही सूट देत नाहीत.

पण पंच्याखाली माझा एक प्राण आहे आणि त्यांचे चार. मी जगले, मोघेही जगले. मेलं ते फक्त माझं कासव.