एका बोटाचं स्टेरिंग

पुंजारामच्या नव्या गाडीचं स्टेरिंग एका बोटावर फिरतं, हे ऐकल्यापासून कारभारीच्या अंगाचा तिळपापड होत होता. मुंबईच्या लिलावातून आणलेली ती लांबलचक परदेशी गाडी येईपर्यंत नेवाशाजवळच्या त्या वाडीत गाडी म्हणजे कारभारीची जीप. आता तर सख्ख्या बहिणीनेच, लंकाबाईने, घाव घातला होता.

"दादा, रागावू नगंस, पन नवरदेवासाठी पुंजारामभाऊची गाडी सांगितलीया. तू मामा, तू बी त्यातच बस की!"

भाच्याच्या लग्नात मामाच्या जीपला मिळाली भांडी वाहायला!

ऐन लग्नाच्या सकाळी पुंजारामची गाडी वळताना कुरकुरू लागली. नगरहून गोरक्षनाथ मिस्त्री आला. स्टेरिंगच्या तेलाच्या नळीला त्याने दाब मोजायचं मीटर जोडलं, इंजिन चालू केलं आणि म्हणाला, "कुनीतरी ष्टेरिंग शेवटाला न्या. टेकलं की लगीच सोडायचं बरं का, नायतर दाबानं नळी फुटंल!"

कारभारी आधीच आत जाऊन बसला होता. त्याने एक बोट लावलं आणि चाक लोण्यासारखं फिरलं. चाक शेवटाला टेकलं.

"सोडा!" मिस्त्री ओरडला.

कारभारीने ऐकलं आणि दोन्ही हातांनी आणखी रेटलं. मोडलं तर मोडू दे!

फाटकन नळी फुटली. "काय झालं वो?" म्हणत कारभारी साळसूदपणे बॉनेटमध्ये डोकावला. इंजिन चालूच होतं. उरलेलं तेल त्याच्या नव्या फेट्यावर आणि सदऱ्यावर उडालं.

"नळी मुंबैलाच मिळंल," मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला. "ष्टेरिंगच्या पंपाचा पट्टा काढून देतो. गाडी चालंल, पन ष्टेरिंग लई जड जाईल."

एका बोटाला सोकावलेल्या पुंजारामला गाडी अंगणाबाहेरही काढता येईना. लंकाबाई रडकुंडीला आली. "दादा, जीप तर भांडी घिऊन कवाच पुढं गेली. तुझ्या दंडात जीपची ताकद हाय. आता तूच ने रं!"

कारभारीची छाती फुगली. शेवटी मामाच लागला ना! कपड्यांसाठी घरी जायला वेळ नव्हता, म्हणून त्याने मिस्त्रीचा जादा खाकी सदरा चढवला आणि बोडक्यानेच चाकाशी झोंबत गाडी मुलीच्या गावाला, कुकाण्याला आणली. पुंजाराम मागे नवरदेवाशेजारी ऐसपैस बसला होता. वऱ्हाडाचा ट्रक अजून बराच मागे होता.

वेशीवर मुलीचे वडील कानिफनाथ पुढे आले; त्यांनी मामाला याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पुंजारामला मिठी मारली. "या, या, मामा!" आणि मामाचा मानाचा फेटा थेट त्याच्या डोक्यावर बांधला. पुंजारामने तोंड उघडलं होतं, पण फेटा चांगला भरजरी होता. त्याने ते मिटलं. नवरदेव बाशिंगाआडून काहीतरी ओरडला, ते ताशात कुणालाच ऐकू गेलं नाही.

कारभारीच्या हातात टॉवेल-टोपी पडली. ड्रायव्हरचा आहेर.

'मामा मी हाय' हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण मग मामाने गाडी का चालवली, नळी कुणी फोडली, सगळंच वेशीवर निघालं असतं.

कानिफनाथ जाता जाता थांबले. "काय वो डायवर, ह्या गाडीचं ष्टेरिंग म्हनं एका बोटावर फिरतंय. खरं का?"

टोपी डोक्यापर्यंत न्यायलासुद्धा कारभारीचे हात वर होत नव्हते.

"व्हय," तो म्हणाला. "लोनी हाय, लोनी."