न झालेल्यांचा सत्कार

एका जंगलात, बरं का मुलांनो, बेहड्याचं एक जुनं झाड होतं आणि त्या झाडाच्या ढोलीत द्वारका नावाची धनेशीण स्वतःला कोंडून घेऊन बसली होती.

रुसून नव्हे. धनेश पक्ष्यांची रीतच आहे ती. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते. आतून चिखलाने ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत बसल्यावर तिची उडायची पिसंही गळून जातात. मग पिल्लं मोठी होईपर्यंत नवऱ्याने फळं आणायची आणि फटीतून आत द्यायची. आणली तर जेवण. नाही आणली तर? तसं कधी होत नाही, असं द्वारकेला लग्नाच्या वेळी सगळ्यांनी सांगितलं होतं.

द्वारकेची दोन पिल्लं अंड्यातून बाहेर आली होती. तिसरं अंडं अजून बंद होतं. तिला दिवसभर एकच काम, काळजी करायची. थोरलं शिंकलं की सर्दी झाली. धाकटं शिंकलं नाही की त्याचं नाक चोंदलं. अंडं हललं तर का हललं, आणि नाही हललं तर का बाई हलत नाही!

कधी कधी फटीतून करकोच्यांची रांग दिसायची. मग द्वारकेचा जीव जरा हलायचा. लग्नाआधी ती सगळ्यांत लांब उडायची. करकोच्यांनी तिला विचारलंही होतं, "येतेस का डोंगरापलीकडच्या तळ्यावर?" ती म्हणाली होती, "आईला विचारून सांगते." आई नको म्हणाली. थवा निघून गेला.

गेले असते तर? असं तिच्या मनात यायचं. पण ते पुरतं येण्याआधी कुणाचं तरी तोंड उघडायचं, आणि उघडलेल्या तोंडात काहीतरी घालावं लागायचं.

तर त्या वर्षी जंगलात एक नवंच खूळ निघालं. राघूअण्णा पोपटाने मंडळ काढलं. 'न झालेल्यांचं मंडळ.' राघूअण्णाचं म्हणणं असं, की जो काहीतरी होतो त्याचा सत्कार सगळेच करतात. जे काहीच झाले नाहीत त्यांनी काय घोडं मारलंय?

मंडळाच्या अर्जात दोनच रकाने होते. तुम्ही काय झाला असता? आणि तुम्हाला कोणी अडवलं? दुसरा रकाना रिकामा असला तर अर्ज बाद.

ज्याचा अर्ज मंजूर होईल त्याला सावरीच्या कापसाची शाल, एक श्रीफळ आणि पिकलेल्या उंबरांची टोपली. जंगलात कागद पुरेना, एवढे अर्ज आले. इतके जण काहीच झालेले नाहीत हे तोवर कुणाला माहीतच नव्हतं.

द्वारकेच्या नवऱ्यानेही अर्ज भरायला घेतला. त्याचं नाव नामा. तसा गरीब स्वभावाचा. पण पहिला रकाना भरल्यापासून तो फांदीवर बसून आभाळाकडे बघायला लागला.

"अहो, उंबरं आणता ना?" द्वारका फटीतून म्हणाली.

"द्वारके, तुला वाटतं का गं कधी, मी गरुड झालो असतो?"

"वाटतं की. आधी उंबरं आणा, मग सावकाश वाटू दे."

"हेच! हेच ते!" नामा म्हणाला. "उंबरं, उंबरं आणि उंबरं. ह्यातच माझा गरुड मेला." आणि त्याने दुसरा रकाना भरून टाकला. अडवणारे: बायको आणि मुलं.

त्या दिवसापासून नामाच्या खेपा कमी झाल्या. आधी चार, मग दोन, मग एक. सत्काराच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने तीन उंबरं दिली, त्यांतलं एक किडकं, आणि तो भाषणाची तयारी करायला गेला. तो परत आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेहड्याखालीच मंडप पडला. द्वारकेला फटीतून सगळं दिसत नव्हतं. अर्धं व्यासपीठ दिसायचं, वाघोबाचं अर्धं तोंड आणि नामाची फक्त चोच. तिने किती हाका मारल्या! पण भोंगा मोठा होता.

रेड्याचा सत्कार झाला. न झालेला हत्ती. अडवणारी: आई, कारण लहानपणी तिने नाक ओढलं नाही. म्हातारी म्हैस समोरच बसली होती. लोकांनी तिच्याकडे वळून च्च च्च केलं. कासवाचा सत्कार झाला. न झालेलं हरीण. अडवणारं: घर. प्रमुख पाहुणे वाघोबा स्वतःही अर्ज घेऊन आले होते. न झालेला साधू. अडवणारी: हरणं. "समोर येतात हो," असं म्हणून वाघोबा रडले. हरणांनीही टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत बसून.

इकडे ढोलीत धाकट्याचं तोंड मिटलं होतं. कालपासून सारखं उघडं होतं ते. आता द्वारकेने चोच लावली तरी उघडेना. मुलांनो, रडणाऱ्या लेकराची भीती नसते. गप्प झालेल्याची असते. द्वारकेने लिंपलेल्या चिखलावर एक चोच मारली. मग थांबली. भिंत फोडून जाणार कुठे? पंखांत पिसं नव्हती, आणि फांदीवर घोरपड ऊन खात पडली होती, एक डोळा ढोलीकडे ठेवून.

तेवढ्यात फटीसमोर राघूअण्णा आला. त्याच्या चोचीत कोरा अर्ज होता.

"वहिनी, एक जागा रिकामी आहे. यादीत बाई एकही नाही. लोक नावं ठेवतील. पटकन सांगता का?"

"टोपलीत उंबरं असतात ना?"

"असतात, असतात. पण उंबरांचं काय घेऊन बसलात! मान मोठा."

"टोपली हातात कधी देता?"

"लगेच. हं, सांगा, तुम्ही काय झाला असता?"

द्वारकेच्या जिभेवर करकोचे आले. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं तिला. "मी ना," ती म्हणाली, "डोंगराच्या पलीकडे..."

"वा, झकास! न झालेली प्रवासिनी. आणि अडवणारे? आई लिहू? की असं करू, पिल्लंच लिहितो. पिल्लं म्हटली की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं."

द्वारकेने मागे बघितलं. थोरलं धाकट्याला टेकून बसलं होतं आणि धाकट्याची मान एका बाजूला पडली होती.

"खोडा ते," ती म्हणाली. "नवीन लिहा. न झालेली आई."

"अहो वहिनी, पण तुम्ही तर आई झालाय!"

"आहे अजून. संध्याकाळपर्यंत. अडवणारे लिहा, नामा धनेश. मुक्काम व्यासपीठ, डावीकडून तिसरे."

राघूअण्णाने जसंच्या तसं लिहून घेतलं. लिहिलेल्याचा अर्थ बघायची त्याला सवय नव्हती. तो खाली गेला आणि भोंग्यावरून जसंच्या तसं वाचलं, डावीकडून तिसऱ्यासकट.

मंडप एकदम शांत झाला. आता कळेल, द्वारकेला वाटलं. आता कुणीतरी उठेल आणि म्हणेल, अरे, वर बघा, पोरं उपाशी आहेत.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! त्या दिवसातला सगळ्यांत मोठा. रेडा हुंदके देऊ लागला. वाघोबा म्हणाले, "किती खोल बोलली बाई!" नामाचं नाव घेतलं गेलं म्हणून नामा उठला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, आणि बायकोची शाल आणि टोपलीही त्यानेच स्वीकारली.

दोन शाली अंगावर आणि दोन टोपल्या चोचीत घेऊन तो झाडावर आला.

"अगं, माझं नाव घेतलंस तू! सगळे विचारत होते, नामा धनेश ते तुम्हीच का? वाघोबांनी ओळख दिली मला."

"द्या," द्वारका म्हणाली.

"आधी ऐक तर, मी भाषणात..."

"द्या म्हणते ना!"

पहिलं उंबर धाकट्याच्या चोचीवरून घरंगळलं. दुसरं तिने चावून मऊ केलं आणि रस थेंब थेंब सोडला. एक थेंब बाहेर आला. एक आत गेला. घसा हलला. मग धाकट्याने तोंड उघडलं, आणि ते काही मिटेना. दोन्ही टोपल्या रिकाम्या झाल्या.

"शाल द्या."

"अगं, ती सत्काराची आहे!"

"मऊ आहे. दोन्ही द्या." तिने शालीचं टोक चोचीत धरलं आणि दोन्ही फटीतून आत ओढून घेतल्या. पोरांखाली अंथरल्या. नामा फांदीवर उघडाच उभा राहिला.

"आता मी काय करू?" त्याने विचारलं.

"उडा. अगदी गरुडासारखे उडा. फक्त उंबराच्या झाडापर्यंत."

नामा गेला. त्याच वेळी आभाळातून करकोच्यांची रांग गेली म्हणतात. द्वारकेचं लक्ष नव्हतं. तिसरं अंडं हललं होतं, आणि का हललं ह्या काळजीत ती होती.

तात्पर्य: मुलांनो, आयुष्यात काही होणं कठीण असतं आणि काहीच न होणं फार सोपं असतं. पण नुसतं काही न होऊन शाल मिळत नाही. त्यासाठी आपल्याला अडवणारं कुणीतरी घरात लागतं. ते वेळेवर बघून ठेवा. आणि त्याने खायला मागितलं, तर आभाळाकडे बघा.