ग्रेडर मेश्रामकाका आणि दोन मशिनी

मेश्रामकाका चहाला बोलावतात, पण चहाच्या आधी डोळे मिटायला लावतात. पहिल्या वेळी मी घाबरलेच होते. घाटंजीच्या शाळेत नुकतीच बदलून आले होते. ओळख करून घ्यावी म्हणून शेजारी गेले, तर काकांनी मला खुर्चीत बसवलं, खिडकी लावली, पंखा बंद केला आणि म्हणाले, "मॅडम, डोये मिटा. पाऊस पडून राह्यला, थो कोणत्या बाजूनं पडते थे सांगा."

बाहेर ऊन रणरणत होतं. पाऊस टीव्हीवरच्या सिनेमात होता. मी आपलं अंदाजानं "डावीकडून" म्हणाले. काकांनी काकूंकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. "पाह्यलं काय, बाईले कान हायेत." मग चहा आला.

काका कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर गाडी लागली की ढिगात हात घालायचा, चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी पाहून ग्रेड सांगायची, हे त्यांचं काम. दिलेली ग्रेड त्यांनी कधी फिरवली नाही. सख्ख्या मेहुण्याच्या कापसाला खालची ग्रेड दिली, तेव्हा त्या मेहुण्यानं बरेच दिवस बहिणीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलं नाही. काका निवृत्त झाले, पण सवय काही सुटली नाही. दूधवाल्याच्या हाकेपासून शाळेच्या माइकपर्यंत कानावर पडेल त्या आवाजाला ते ग्रेड देतात. माझ्या वर्गातल्या मुलींचं स्वागतगीत ऐकून "आवाज साजरा हाय, पण धागा आखूड," असं त्यांनी मुख्याध्यापकांच्या देखत सांगितलं होतं.

काकांच्या मते जगात आवाज दोनच जातीचे. "जिनिंगमंदी रुईची गठाण बांधतेत का नाही? दाबून दाबून येवढीशी करतेत. पण सोडली का रुई तेवढीच. रत्तीभर कमी नाही. याले म्हंतेत लॉसलेस. अन् तुमच्या मोबाइलमंदलं गाणं? थ्यातली अर्धी रुई रस्त्यातच काढून घेतली, मॅडम. तुमी रिकामं पोतं ऐकून राह्यल्या."

त्यानंतर कितीतरी दिवस मोबाइलवर गाणं लावलं की मला उगाचच लुबाडल्यासारखं वाटायचं.

काकांच्या टीव्हीखालच्या फळीवर सिनेमाच्या चकत्या वाजवायच्या दोन मशिनी शेजारी शेजारी असतात. डावीकडची ब्लू-रेची, पुण्याच्या थोरल्या मुलानं, प्रकाशनं घेऊन दिलेली. उजवीकडची एचडी डीव्हीडीची, अमेरिकेतल्या धाकट्या अमोलनं पाठवलेली. एकीची चकती दुसरीला चालत नाही. उजवी अमेरिकेची असल्यामुळे तिला आपली वीज झेपत नाही, म्हणून तिच्या मागे एक ट्रान्सफॉर्मर बसवलाय. तो असा घुमतो की डोळे मिटूनही कोणती मशीन चालू आहे ते कोणालाही कळावं. काका पंख्याचा आवाज नको म्हणून घाम गाळत बसतात, पण हे घुमणं त्यांना ऐकू येत नाही.

एचडी डीव्हीडी ही जातच बाजारातून केव्हाची उठली. दुनियेनं ब्लू-रेच्या बाजूनं निकाल दिला आणि विषय संपवला. काकांच्या घरी मात्र खटला चालूच. एका संध्याकाळी ते म्हणणार, "एचडी डीव्हीडीचा कायदा कडक होता. मशीन बनवाची त ट्रूएचडी वाजवाच लागे, म्हंजे लॉसलेस सक्तीचं. ब्लू-रेत काय, ज्याची त्याची मर्जी." दुसऱ्या संध्याकाळी पारडं फिरलेलं. "पण ब्लू-रेच्या चकतीत जागा किती. आवाज दाबाची गरजच नाही, आहे तसा मोकया टाका."

"मग सरस कोणती, काका?"

"तपास चालू हाय."

हा तपास मी आले त्याच्या आधीपासून चालू होता आणि असाच चालला असता, पण मध्ये काकूंची चक्की आली. काकूंना छोटी घरगुती पिठाची चक्की हवी होती आणि ती ठेवण्याजोगी जागा साऱ्या घरात एकच, ती फळी. काकूंनी हुकूम सोडला, "दोनापैकी एक मशीन ठेवा. दुसरी कपाटावर जाईन. सोमवारी चक्की येऊन राह्यली."

"अव, पण थ्या लॉसलेस हायेत," काका म्हणाले.

"माही चक्कीबी लॉसलेसच हाय. जेवढे गहू टाकीन तेवढं पीठ निंगते."

आता निकाल लागणार म्हणून मी खूश होते. सोमवारी मला पंच म्हणून बोलावणं आलं. एकच सिनेमा दोन्ही जातींच्या चकत्यांवर त्यांच्याकडे होता. खिडकी लागली, पंखा थांबला, मी डोळे मिटले. दारात चक्कीवाल्याचा माणूस चक्की घेऊन ताटकळत उभा. आधी ब्लू-रे वाजली, मग ट्रान्सफॉर्मर घुमला आणि एचडी डीव्हीडी वाजली. पुन्हा ब्लू-रे, पुन्हा एचडी डीव्हीडी. खरं सांगायचं तर मला शष्प फरक कळला नाही. पण त्या माणसाची दया आली, गरमीनं जीवही जात होता. मी म्हटलं, "पहिली चांगली, काका. ब्लू-रे."

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं," म्हणून काका उठले. उजव्या मशिनीच्या मागे हात घालून त्यांनी वायर धरली. आणि तसेच वाकून उभे राहिले. मला वाटलं, कमरेत उसण भरली.

"काय झालं, काका?"

"कापसाचं सोपं होतं, मॅडम," ते मशिनीकडे बघतच म्हणाले. "खालची ग्रेड देल्ली त कापूस रुसत नाही."

मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून ओठ मिटले. काकूंनी आमच्या दोघांकडेही न बघता त्या माणसाला सांगितलं, "दादा, चक्की वसरीतच ठेवा." काकांनी वायर सोडली आणि पंखा लावला.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. मी जरा वैतागूनच म्हटलं, "काकू, एक मशीन कपाटावर गेली असती तर काय बिघडलं असतं? मुलांना पुण्यात आणि अमेरिकेत बसून दिसणार होतं का?"

काकूंनी पदरानं हात पुसले. मग म्हणाल्या, "माह्या ऑपरेशनच्या वक्ती दोघं भाऊ फोनवर भांडले. हा म्हने आईबाबाले मी नेतो, थो म्हने मी नेतो. तवापासून एकमेकायशी बोलत नाहीत. यायले म्हंतेत, तुमीच सांगा, कोणाकडं राह्यता."

"मग?"

"मंग काय. एकाकडं गेलो असतो त दुसरा कमी ठरला असता. यायनं दोघायलेबी सांगतलं, आमाले काही गाव सोडवत नाही."

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "खरंच आहे, काकू. या वयात गाव सुटत नाही."

काकूंनी फाटकाची कडी लावली.

"कायचं गाव, मॅडम," त्या म्हणाल्या. "बॅग त आमी दोघायनं भरून ठेवली होती."