वीसच, काका

आमच्या नांदुऱ्यात सकाळी लोक एकमेकांना चहा झाला का विचारतात. शेजारचे डॉक्टर तायडे मला कुंपणावरून विचारतात, "मास्तर, किती झाले?"

मी मोबाइल उघडतो, पाहतो आणि सांगतो, "वीसच, काका."

"बरं. उद्या पाहू."

चार वर्षं हेच चाललंय. किती म्हणजे काय, तर त्यांच्या शोधनिबंधाचा इतर शास्त्रज्ञांनी आपापल्या लेखनात किती वेळा उल्लेख केला. काका रेणवीय जीवशास्त्रज्ञ. सगळी नोकरी दूरच्या एका प्रयोगशाळेत, कपाशीच्या एका जीनवर, म्हणजे जनुकावर, काढली आणि त्यावर एकच मोठा निबंध लिहिला. वीस उल्लेखांतले नऊ त्यांनी स्वतःच केलेले. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाले, "काऊन? मी शास्त्रज्ञ नाही का?"

आकडा ते स्वतः कधीच पाहत नाहीत. "आपलं बीपी आपण मोजू नाही, मास्तर. खोटं येते. मोजणारा तिऱ्हाईत पाहिजे." तो तिऱ्हाईत मी. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे माझ्या अज्ञानाबद्दल त्यांना पुरेपूर खात्री आहे.

निवृत्त होऊन एकटेच गावी आले, तेव्हा मोठा घोळ झाला. आमच्या कापसाच्या मुलखात जीन म्हणजे सरकी वेगळी काढायचा कारखाना. तायडे तीस वर्षं जीनवर होते, असं कळल्यावर एक शेतकरी कापसानं भरलेली गाडी घेऊन थेट त्यांच्या फाटकाशी हजर! "सायेब, कुठी उतरवू?" काकांनी त्याला ओट्यावर बसवून तासभर समजावलं की, हा जीन सरकीच्या आत असतो, डोळ्यांना दिसत नाही. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हाव, पण मशीन कुठी ठेवली?"

काका भलते खूश. "मास्तर, त्यानं प्रश्न इचारला! मोठमोठ्या परिषदेत मले कोणी इचारत नव्हतं."

घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते निबंधाची प्रत देत. मलाही दिली, सहीसकट. मी ती जपून ठेवलीय, असं त्यांना सांगत असे.

मग गेल्या महिन्यात आकडा एकवीस झाला. मी हरखून तो नवा निबंध उघडला. कुठल्याशा विद्यापीठातल्या एका मुलीनं लिहिलं होतं की, तायडे यांचा निष्कर्ष चुकीचा आहे; तो जीन ते म्हणतात ते काम करतच नाही. अरे देवा! ज्या माणसानं आपला उभा जन्म त्या एका निबंधात घातला, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तीन दिवस मी कुंपणावरून बेधडक खोटं बोललो. "वीसच, काका."

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही तीन दिवसांपासून मोबाइल न उघडताच सांगून राह्यले. काय झालं?"

मी तो निबंध उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. आणि हा माणूस मांडीवर थाप मारून हसला!

"या पोरीनं चौथ्या तक्त्याखालची टीप वाचली, मास्तर! चूक तिथंच हाय, बराबर. ते टीप आजवर कोणीच वाचली नाही. बाकीच्यायनं नुसतं नाव टाकलं. हिनं पूर्ण वाचला."

"पण काका, तुम्ही चुकलात असं म्हणतेय ती."

"म्हणू द्या ना! चूक काढायले बी वाचा लागते." मोबाइल माझ्या हातात परत देत ते म्हणाले, "तीस वर्षांत पह्यलं माणूस."

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "काका, माझ्याकडची प्रतसुद्धा मी अगदी जपून..."

"फ्रीजखाली हाय," ते म्हणाले. "डाव्या पायाखाली. मले माहीत हाय. राहू द्या. आता हालत नाही ना तो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आलो, फ्रीज उचलला आणि प्रत बाहेर काढली. पहिल्या पानावर, सहीच्या शेजारीच, पायाचा गोल ठसा उमटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन मी कुंपणाशी न थांबता त्यांच्या ओट्यावर गेलो.

"काका, पहिलीच ओळ समजली नाही."

त्यांनी आकडा विचारला नाही. ठशावरून हळूच बोट फिरवलं, चष्मा पुसला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा, चहा मांडतो. ही ओळ समजायले वेळ लागीन," ते म्हणाले. मग दारातच थबकून, जरा भीत भीतच विचारलं, "वेळ हाय ना तुमच्याजवळ?"