दिगूकाकांचा उजवा पाय

मुलांनो,

परवाच्या टपालात तुमच्या शाळेच्या बँडचा फोटो आला. सगळ्यांचे डावे पाय एकदम उचललेले. मी एकटीच खूप वेळ हसत बसले. का हसले ते आजच लिहिते आहे, कारण दिगूकाकांना पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

दिगूकाका म्हणजे मुरुडजवळच्या आमच्या गावातले शेजारी. सुपारीची वाडी, एकटा जीव. कुठल्याही कामाला निघताना ते डावा पाय आधी टाकत नसत. चुकून पडलाच तर "मोडलं! पुन्हा पहिल्यापासून," म्हणत घरी परतायचे आणि नव्याने निघायचे. एकदा खाडीपार नेणाऱ्या मचव्यात, म्हणजे शिडाच्या होडीत, चढताना फळीवर डावा पाय पडला. काका गर्रकन वळले, मागच्या कोळणीवर आदळले आणि दोघं खाडीच्या चिखलात.

"आता धुवा काका, दोनी पाय!" ती म्हणाली.

काका पाय धुऊन पुन्हा घरून निघाले. तोवर मचवा पलीकडे दिघीला पोचला होता.

एकोणीसशे तिसानंतरचे ते दिवस. मी सतरा वर्षांची, नुकतीच मॅट्रिक झालेली. चैत्रातल्या देवीच्या पालखीसाठी गावाने बँड उभा केला. हुसेनमास्तर शिंपी मुंबईच्या बँडात वाजवून आलेले. त्यांनी जुनी वाद्यं आणि कवायतीचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. ते वाचून सांगायला मला बोलावलं, म्हणून वाद्य न घेता मीही बँडात शिरले. मोठा ढोल काकांनी हट्टाने मागून घेतला.

"पहिल्या ठोक्याला डावा पाय," मी वाचलं.

"देवीपुढे डावा?" काका उखडले. "तुझ्या त्या साहेबाला म्हणावं, आधी पुस्तक सुधार."

अकरा पाय डावे, एक उजवा. पुढच्या क्लॅरिनेटवाल्याची टाच रोज सोलून निघे. चौथ्या दिवशी हुसेनमास्तर म्हणाले, "काका, पाय तुमचा हाय, पन ढोल गावाचा हाय. पाय बदला, न्हायतर ढोल खाली ठेवा. पालखीला मी दुसरा मानूस घेईन."

बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं टाकलेला माणूस. आम्हाला वाटलं, ढोल आपटून निघून जाणार. पण सकाळी काका आमच्या अंगणात हजर. डाव्या पायाला खूण म्हणून सुंभ बांधलेला.

"वाच गो पोरी. डावा कसा टाकायचा ते सांग."

आठ दिवस मी वाचत होते आणि काका कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून डावा पाय टाकत होते.

"एवढं कशासाठी, काका?"

"पालखीला ढोल माझ्याच गळ्यात हवा," एवढंच म्हणाले.

आमच्याकडे पालखी दारोदार फिरते, पण घरातली बाई ताट घेऊन ओवाळायला उभी असेल तिथेच थांबते. बाकीची दारं ओलांडून जाते. काकू जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

पालखीच्या दिवशी काकांचं एकही पाऊल चुकलं नाही. आमच्या दारात मी ओवाळलं, पालखी उचलली, बँड पुढे निघाला. शेजारीच काकांच्या घरासमोर आला आणि मोठा ढोल बंद पडला. ढोल थांबला तसा बँड थांबला. बँडमागे भोईही थांबले.

"काका, काय झाला?" मास्तर ओरडले.

"काही नाही मास्तर. जरा दम घेऊ द्या."

मी त्यांच्या ओट्याकडे पाहिलं. सारवलेला ओटा, ज्याला रांगोळी काढता येत नाही त्याने काढलेली रांगोळी, आणि पाटावर ताट. निरांजन लावलेलं, हळदकुंकू, सोललेला नारळ. धरायला कोणी नव्हतं.

मी जाऊन ताट उचललं.

"ही गेल्यापासून थांबतच नाही गो ती इथे," काका ढोलाकडे बघत म्हणाले.

मी ओवाळून होईपर्यंत मास्तरांनी कोणाला पाऊल हलवू दिलं नाही.

पुढे बँड मोडला, वाद्यं कुठे गेली कोण जाणे. काकाही गेले. वाडी पुतण्यांनी विकली. पालखी मात्र अजून त्या दारात थांबते, दाराला कुलूप असलं तरी.